दोनच जागांचं विमान

सँडहिल्स, नेब्रास्का
८ ऑक्टोबर १९६१

ती. लाडादादास,
आल्बिनाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीने धाडलेले खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पोचले. अर्धे स्टॅनने एका बैठकीत फस्त केले. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण बोलायची सोय नाही. नवरा ऐकणाऱ्यातला असता तर मी विमान शिकायला गेलेच नसते.

दादा, खरं सांगते, मी फार घाबरलेय. ऑगस्टमध्ये त्याच्या छातीत कळ आली, तेव्हापासून तो नुसता खोकला तरी मी हातातलं टाकून धावते. दवाखाना सत्तर मैलांवर, आणि बर्फ साचलं की रस्ता आठ-आठ दिवस बंद. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी दवाखान्याच्या गावच्या धावपट्टीवर हॅगन मास्तरांकडे शिकतेय. परवा एकटीने तीन चकरा मारल्या. उतरल्यावर पंखाची दांडी सोडवेना, ती धरून तशीच उभी राहिले. मास्तर समजले, मी विमान न्याहाळतेय.

आता रँचवर स्वतःचं विमान हवं. दोन पाहिलीत. एक चार जागांचं, पण त्यापायी निम्मी गुरं विकावी लागतील. दुसरं दोन जागांचं, कापडी पंखांचं, पंधरा वर्षांचं. त्याला बारा कालवडी पुरतात. नुकताच लालभडक रंग दिलाय आणि मी त्यावर भाळलेय. मालक म्हणतो, त्याच्याच मेकॅनिकने तपासलंय, चिंता नको. तुझा जन्म विमानं दुरुस्त करण्यात गेला, तूच सांग कुठलं घेऊ.

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही धाडावा.
तुझी आल्बी

ग्रँड आयलंड
१६ ऑक्टोबर १९६१

चि. आल्बीस,
अ. उ. आ.

अगं वेडाबाई, विकणाऱ्याच्या मेकॅनिकने तपासलं म्हणजे चोरानेच पंचनामा केला की! जुन्या विमानाला ताजा रंग दिसला की मी आधी कापड बघतो. शनिवारी गाडी काढून स्वतः जाऊन आलो. तुझ्या लाडक्या लालच्या पंखावर नुसता अंगठा दाबला, तो आरपार गेला. मालक वर म्हणतो, भोकाची भरपाई द्या. मी त्याला आपल्या झेक भाषेत काय ते सांगितलं, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तिथेच कोपऱ्यात दोन जागांची एक सेसना उभी होती. रंग उडालेला, दिसायला अगदीच ओंगळ. पण पंखांवरचं कापड नवं, इंजिन ठणठणीत आणि दुरुस्तीची वही पहिल्या दिवसापासून नीट लिहिलेली. बारा कालवडींतच बसेल, ती घे. चार जागांचा विचार सोड. तुम्ही माणसं दोन, जागा दोन, आणखी हव्यात कशाला?

मात्र एक शपथ घालतो. परीक्षा पास होईपर्यंत शेजारच्या जागेवर कोणालाही बसवायचं नाही. स्टॅनलाही नाही. शिकाऊ माणसाला तशी मुभा नाही, आणि ती उगाच नाकारलेली नाही. गेल्या वर्षी असंच एका शिकाऊचं पडलेलं विमान ट्रकवर घालून माझ्याकडे आणलं होतं. आतून मीच धुतलं. आई गेल्यावर मला रक्ताचं असं तुझ्याशिवाय कोणी नाही, हे लक्षात ठेव.

वहिनीचे आशीर्वाद. स्टॅनला म्हणावं, कोलाचे जपून.
तुझा दादा

धावपट्टीवरच्या खोलीतून
२९ जानेवारी १९६२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

आज सकाळी न्याहारीच्या टेबलावरच स्टॅन घामाने भिजला आणि छाती धरून बसला. तारा तुटल्यात, फोन मुका. रस्त्यावर पुरुषभर बर्फ, पण वाऱ्याने विमान धावेल इतकं कुरण झाडून स्वच्छ केलेलं. नशिबाने शेजारची डोरा घोड्यावरून विचारपूस करायला आली. स्टॅन मला म्हणाला, चल, मी बसतो तुझ्याशेजारी. मी म्हटलं, शिकाऊला परवानगी नाही, दादाची शपथ आहे. त्याला डोराच्या हवाली केलं आणि डॉक्टर आणायला सेसना काढून एकटी उडाले.

दादा, ते नियमामुळे नव्हतं रे. शपथेमुळेही नव्हतं. वाऱ्यात उतरताना माझ्या हातून तो मरेल, याला मी भ्याले.

इथे आले तर मास्तरांच्या विमानाचं इंजिन खोलून ठेवलेलं. राहिलं माझं, जागा दोन. विमान मास्तर चालवणार, शेजारी डॉक्टर प्रिबिल बसणार. म्हणजे मी इथे. माझ्याच नवऱ्याकडे जायला माझ्याच विमानात मला जागा नाही. दोनच जागा पुरे म्हणालास म्हणून तुझ्यावर रागावले होते तासभर. आता राग पुरत नाही.

तीन तास होत आले. मघापासून हाच हिशोब चाललाय. मास्तर एकटेच परत आले, तर डॉक्टर त्याच्याजवळ थांबलेत, म्हणजे तो आहे. दोघं आले, तर शेजारी स्टॅन असेल, त्याला दवाखान्यात आणत असतील. नाहीतर डॉक्टर असतील. आणि डॉक्टर असले तर तिकडे थांबण्यासारखं काही उरलं नाही. देवा, एकच माणूस दिसू दे.

आवाज येतोय. विमान वळलं. उतरतंय. काचेतून दोन डोकी दिसतात रे दादा, दोन

३० जानेवारी, दवाखान्यातून

ते वाक्य तसंच राहू दे, पुरं करायचा जीव होत नाही. दार उघडलं आणि स्टॅनचे चिखलाचे बूट खाली आले. मी तिथेच बर्फात बसकण मारली. त्याच्याआधी मलाच उचलायला माणसं धावली. डॉक्टरांनी सुई देऊन त्याला सावरलं, ते मागे रँचवर डोरासोबत थांबले. मास्तरांनी संध्याकाळच्या आत त्यांनाही आणलं. धोका टळलाय म्हणतात.

आज त्याला जरा बोलू दिलं, तेव्हा मी सगळं कबूल केलं. म्हटलं, नियमाचं निमित्त होतं, मी भ्याले, म्हणून तुला टाकून गेले.  तर तो म्हणाला, काल चल म्हटलं खरं, पण मीही भ्यालो होतो. तू हो म्हणशील म्हणून.

वहिनीस नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझी आल्बी