पायऱ्या काढलेलं तळं

सोलापूर, मंगळवार

चि. प्रतिक्षा,

जय भीम. तळ्याकाठचं सुशोभीकरण तुझ्या हाताखाली झालं, म्हणून उद्घाटनाला मी नवी साडी नेसून आले होते. फरशी, दिवे, बोटी बघून लई अभिमान वाटला.

परवा तितंच एक पोरगी कठड्यावरून पाण्यात पडली. मी उडी मारून तिला धरलं, पण वर यायला जागाच नव्हती. जुन्या घाटाच्या पायऱ्या काढून तुम्ही चारी बाजूंनी सरळ भिंत उभी केली की. लोक मोबाईल धरून बघत होते. रखवालदार शिट्टी वाजवून ओरडत होता, "मावशी, पाण्यात उतरायला मनाई हाय." शेवटी नव्या पेठेतून खरेदी करून निघालेल्या एका बाईनं पिशवीतली कोरी चादर खाली सोडली. मग चौघांनी आम्हाला ओढून घेतलं.

तुला पोहायला मी त्याच पायऱ्यांवर शिकवलं होतं. त्या काढायला सही करताना तुझा हात कसा धजला?

हे पत्र मी टाकणार नाही. "वरून सांगितलं होतं" असं तू लिहिशील, आणि ते मला वाचायचं नाही. उद्या तुझ्या ऑफिसात येते. पायऱ्या कधी बांधणार, ते सगळ्यांसमोर विचारीन. तू मला ओळख दे, नाहीतर देऊ नको.

अजून रागातच असलेली,
तुझी मीनामावशी