पावाच्या कडा

३ मार्च
आज पुन्हा पाव अडकला. छातीच्या मधोमध, हाडामागे. दोन घोट पाणी प्यायले, तेही वर आलं. बेसिनपाशी वाकून उभी राहिले. मग आपोआप सरकला.
आईचं असंच सुरू झालं होतं. आधी पाव, मग भात, मग पाणी. सात महिन्यांत गेली.

५ मार्च
छापखान्यात जेवून सगळ्यांत शेवटी उठते. बाइंडर काका म्हणाले, "बाई, घासाचंही प्रूफ तपासता का?" हसले. थोडंच — हसताना अडकतं.

९ मार्च
ताई आली होती. मी ताटाशेजारी मोबाइल ठेवून वाचायचं सोंग केलं. तिने पाहिलंच.
"पावाच्या कडा का काढतेस? आणि पाणी कोमटच का लागतं?"
म्हटलं, दात दुखतोय.
"दातावर ढकलू नकोस. कधीपासून अडकतंय?"
अडकतंय हा शब्द मी काढलाच नव्हता. पण ताईपासून काय लपतं!
स्वतः नुसतं सूप प्यायली. वजन कमी करतेय म्हणे, पन्नाशीत. मी चिडले, "तू माझी आई आहेस का?"
"आता आहे. उद्या दवाखान्यात चल."

१७ मार्च
दुर्बीण घालून तपासलं. ताई बाहेर बाकावर.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पातळ पडद्याची कडी आहे, त्यामुळे वाट अरुंद झाली. आत फुगा फुगवून ती ताणली. "दिसायला साधीच आहे. तरी तुकडा तपासायला पाठवलाय."
ताईने विचारलं, "हे घराण्यात असतं का हो?"
माझ्या लेकीची काळजी, दुसरं काय.

१८ मार्च
घसा खवखवतोय. कामात लक्ष नाही. एका पानावर तीन चुका सुटल्या.

२४ मार्च
रिपोर्ट आला. कर्करोग नाही.
कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेतला आणि रस्त्यातच उभ्याने खाल्ला, कडांसकट. सरळ खाली गेला. मग रडू आलं. बेकरीवाल्याने विचारलं, "शिळा लागला का?"

२५ मार्च
ताईला जेवायला बोलावलं. पाव वाढला. ती बोलता बोलता कडा काढू लागली. मग म्हणाली, "पाणी जरा कोमट दे गं."
दोन वर्षं झाली म्हणे. "तुझं साधं निघालं तर माझंही निघेल, असं वाटलं."
उद्या तिची दुर्बीण. बाहेर बाकावर मी.