भिंतीतली मोकळी खिडकी

रवि., १२ जाने.
इथे आखातात आठवडा रविवारीच सुरू. सातवी ब, चित्रकलेचा तास. प्रकल्प ठरला, 'आमची खिडकी'. प्रत्येकाने आपल्या घराची खिडकी रंगवायची. सगळ्या जोडून वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक इमारत. गुरुवारी पालक बघायला येणार. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "सर, नेटवर बघा ना, सोपं काहीतरी मिळेल." नेटवर नाही शिकलो मी. नाशकात दुकानांच्या पाट्या रंगवत शिकलो, उन्हात. डिग्रीचं काय झालं, हे बाई अधूनमधून हसत विचारतात. हसतच.

मंगळ., १४
कागद मीच कापून दिले, कोपरे गुण्यात, नेमके काटकोनात धरून. तरी पोरांच्या रेषा म्हणजे… इराची सगळ्यांत वाईट. इथल्या मुंतझा भागात राहते, मूळची नाशिकचीच. खिडकी कलती, पडदा नाही, खाली तपकिरी ठोकळे एकावर एक.
"अर्धवट का ठेवलंस गं?"
"इट्स डन, सर."
मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर.

बुध., १५
शाळा सुटल्यावर थांबलो. इराची खिडकी दुरुस्त केली. चौकट ओळंब्यात, सरळ उभी आणली, ठोकळ्यांवर पडदा सोडला. चुण्या अशा पडल्या की वारा दिसावा. आता शेजारच्या खिडकीशी जुळते. कुणी आभार मानणार नाही, इथलं शुक्रनसुद्धा नाही, ते सोडा.

गुरु., १६
सकाळी इरा भिंतीपुढे उभी राहिली. मग स्टूल ओढलं, वर चढून आपला कागद काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.
"सर, ही तुमची."
मराठीत. पहिल्यांदाच.
म्हणाली, पडदे आईने काढलेत. खाली बॉक्सेस आहेत. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. "वी आर गोइंग बॅक."
"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"
"आय टोल्ड यू. इट्स डन."
पालक आले. एवढ्या खिडक्या, पण जो तो त्या भोकाकडे बघतोय. बाई कानाशी, "सर, यल्ला, लवकर, काहीतरी चिकटवा!" नाही चिकटवलं. डिग्रीवाल्याने चिकटवलं असतं.

रवि., १९
इरा आली नाही. बाई म्हणाल्या, मंगळवारी आईबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येईल, आता तिचं काय घेऊन बसलात, तुम्हीच एक खिडकी रंगवून टाका.
बसलो काढायला. तिची, होती तशी. कलती येईना. हात आपोआप ओळंब्यात जातो. कागद फाडला, दुसरा घेतला, तोही फाडला. माझी खोकी दुकानात मांडल्यासारखी दिसतात. तिची निघायला टेकली होती.
माझ्या पडद्याच्या चुण्या मात्र उत्तम होत्या. तेवढं तरी कुणी म्हणायचं.
शेवटी भोकात कोरा कागद लावला. खाली स्टूल, तपकिरी रंग, ब्रश. बाई बघून गेल्या. "हे काय?" म्हटलं, प्रकल्प पुरा व्हायचाय.
दाखला तळमजल्यावर मिळतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. आईला घाई असणार. मी खाली जाऊन इराला बोलावलं तर येईल ती वर?