डाव्या गालावरचा व्रण

३ जून
परत चुकला! मुखपृष्ठावर व्रण उजव्या गालावर! सलग तिसऱ्या अंकाला. अकरा वर्षं या कॉमिकची आतली पानं मी काढतेय. आमच्या पाणबुड्या नायिकेचा व्रण डाव्या गालावर आहे, हे वाचणाऱ्या पोरांनाही पाठ आहे. पण मुखपृष्ठ दादाचं. ते आधी छापून होतं, मग मी आतली पानं काढायला बसते. धाकट्या बहिणीची पानं उघडून बघायची तसदी कोण घेणार! वर सही त्याची, भली मोठी. माझं नाव आत, मुंगीएवढं.

६ जून
संपादक म्हणाले, "छापून झालंय. तुम्हीच आत सांभाळून घ्या." घेतलं! नायिकेला आरशासमोर उभं केलं, म्हणजे मुखपृष्ठावरचं ते तिचं प्रतिबिंब! दादाला फोन करून झापलं असतं, पण बाबांचं चित्रं काढायचं टेबल कुणाचं यावरून भांडलो तेव्हापासून बोलणं बंद. दोन वर्षं झाली.

११ जून
वाचकांची नऊ पत्रं — 'बाहेर भलतीच बाई का?' डोकंच फिरलं. संपादकांना लिहून टाकलं: मुखपृष्ठ मला द्या. राग निवायच्या आत पत्र पेटीत टाकलंसुद्धा.

१७ जून
मुखपृष्ठ मला! जाहिरातही लागली. विचारलं, दादा काही म्हणाला? "नाही हो. त्यांच्या घरून निरोप आला, तिलाच द्या." दादा? खोडरबरासाठी हातघाईवर येणारा?

२२ जून
वहिनी आली. नखांत निळा रंग. म्हटलं, "रंग अजून तूच भरतेस वाटतं?" तर रडायलाच लागली.

साखरेनं दादाचे डोळे गेले. दीड वर्ष झालं. तो खुर्चीत बसून सांगतो, ही काढते. "आधी चित्रात तिच्या तोंडावर पाणबुड्याची काच असायची, निभावलं. आता चेहरा आला. ते म्हणाले डावा गाल, मी माझ्या डाव्या हाताचा धरला गं. समोरच्याचा उलटा येतो, हे मला कुठलं सुचायला!"

मला कळू द्यायचं नाही, अशी त्यानं शपथ घातलेली. तो निरोप हिचाच. काम गेलंय हे त्याला माहीतच नाही. आजही सकाळपासून सांगत बसलाय, आणि ही काढतेय.

हात झडायला हवा माझा.

२४ जून
मुखपृष्ठ दादालाच परत द्या म्हटलं, संपादक ऐकेनात. "जाहिरातीत तुमचं नाव गेलंय." खरं कारण कुठल्या तोंडानं सांगू? त्याला दिसत नाही म्हटल्यावर कायमचंच दार बंद.

माझं चित्र फाडलं. वहिनीचं आणलं. मानधन गुपचूप तिकडे पोचवीन. चित्राखाली दादाची सही होती, त्यानं स्वतः चाचपडत केलेली, वाकडीतिकडी. तिच्यावर रंग फासला. माझी केली.

१९ जुलै
दादाचा फोन. स्वतःहून! "हिनं तुला सांगितलंय, कळलं मला. बरं झालं. अंक आलाय, हातात घेऊन बसलोय. ही मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. तू सांग चिमे — सही ओळखू येतेय ना माझी?"

"येतेय दादा," म्हटलं.