बांधलेल्या दातांमागून

३ जून

चि. धाकटीस, अक्काचे आशीर्वाद.

तुझ्या यजमानांकडून कळलं की, चाळिशी उलटल्यावर दातांना तारा लावून तू आता जबडाही कापून घेणार आहेस. बाईंना सुंदर दिसायचं खूळ लागलंय, असं ते म्हणाले. मलाही हसू आलं. आईची हनुवटी अशीच आत होती, पण त्याच तोंडानं तिनं अख्खं घर धाकात ठेवलं. वर्गातली पोरं काय म्हणतील? नसती थेरं सोड.

लोभ आहेच, अक्कल तेवढी वाढव.
तुझी अक्का

१० जून

ती. अक्कास सा. न.

सुंदर दिसायला मला वेळ नाही. माझे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, म्हणून घास अख्खा गिळते. कानाजवळचा सांधा कटकन वाजतो. परवा वर्गात कविता म्हणताना जबडा असा अडकला की तोंड बोटभरही उघडेना. मुख्याध्यापिकांनी घरी फोन केला, तर तुझे मेहुणे म्हणाले की बरं झालं, थोडी शांतता मिळेल. सांध्याचं दुखणं जाईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. चावता मात्र येईल म्हणतात. ऑपरेशन सोमवारी आहे. यायचं तर ये, कीव करायला येऊ नकोस.

तुझी धाकटी

२४ जून

श्री. मेहुण्यांस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. काल तिचे वरखालचे दात रबरांनी एकत्र बांधलेले, चेहरा सुजून भोपळा झालेला, आणि तुम्ही तिच्याच उशाशी बसून शाळेत फोन केलात, की बाई आता नोकरी सोडणार. ती कागदावर भलंमोठं ‘नाही’ लिहून तुमच्यापुढे धरत होती. तुम्ही पाठ फिरवलीत. बांधलेल्या तोंडाच्या माणसावर मर्दुमकी गाजवणारा तुमच्यासारखा शूर मी पाहिला नाही. शाळेला मी खरं काय ते कळवलंय. तिला माझ्याकडे नेते आहे.

अक्का

९ ऑगस्ट

श्री. यजमानांस,

रबरं निघाली. खालचा ओठ अजून बधिर आहे, शब्द घसरतात. सांधा अधूनमधून दुखतो. काल मात्र मऊ पाव पुढच्या दातांनी तोडून खाल्ला. अक्का समोर कांदा चिरत बघत होती. तिला रडू आलं, पण दोष तिनं कांद्याला दिला.

राग गेला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. राग माणसावर धरतात. सोमवारी शाळेत रुजू होते आहे, ती अक्काच्या घरून. माझे कपडे न्यायला अक्का येईल. तिच्याशी वाद घालू नका, झेपणार नाही.

लोभ असावा, ही विनंती या खेपेस करत नाही.

बाई