भाकरी दुरडीत आहे

अहो,

सकाळी आणून दिलेलं मटण शोधू नका. पातेलं घेऊन मी ताथवड्याला जाईअक्काकडे निघाले आहे. कलेजी मात्र इथेच खाल्ली, स्टोव्हजवळ बसून, सगळ्यांच्या आधी. इतकी वर्षं ती तुमच्याच ताटात जायची, म्हणून मला चव ठाऊक नव्हती. चांगली असते हो.

माझं निम्मं पोट कापलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता खरी भूक ओळखायला शिका, आणि ती लागली की थांबू नका. रविवारी ती लागली. तुमचे कंपनीतले दोस्त जेवून उठेपर्यंत मी थांबले आणि घेरी येऊन दारातच बसले. तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "निम्मं पोट गेलं, पण हिची खा-खा काही गेली नाही, राव!" जयसिंगभावजी तर ठसका लागेपर्यंत हसले. मीच वाढलेली भाकरी होती त्यांच्या तोंडात.

आज शिफ्ट सुटल्यावर तीच मंडळी जेवायला येणार, म्हणून सांगून ठेवते. कालच्या भाकरी दुरडीत आहेत, चटणी बरणीत. तुमची गोळी फडताळात आहे, उपाशीपोटी घेऊ नका.

खरी भूक ओळखायची कशी, तेही बाईंनी सांगितलंय. शिळी भाकरी गोड लागली, की ती खरी भूक. नाही लागली, तर भावजींना सांगा, नुसती खा-खा आहे.

कस्तुरा