धोबीघाटाचे दोन मालक

तीर्थस्वरूप आबामामांस दौलतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवणे (मामींचा स्वभाव विचारत नाही, तो दगडावर आपटूनही बदलायचा नाही).

मामा, दिवाळीत आपल्या घाटाच्या हौदाची भिंत ढासळली. पाणी सगळं ओढ्याला आणि आमची चूल बंद पडायची वेळ. गोऱ्या साहेबानं आपला जुना घाट पलटणीच्या बंदुकांच्या चांदमारीसाठी घेतला आणि बदल्यात ही जागा दिली, हे तुम्हीच सांगायचात. पण आता ती लष्कराची की सरकारी कचेरीची, हे मला लहानपणापासूनचं कोडं. म्हटलं, मालक सापडला तर भिंतही बांधून देईल. छावणीतला जमिनीवाला साहेब म्हणाला, जागा तेव्हाच कचेरीकडे गेली. मामलेदार म्हणाला, छे, अदलाबदल पुरी झालीच नाही, ती लष्कराचीच. चहा दोघांनीही पाजला (लष्कराचा बरा होता). कपडे दोघांचेही आम्हीच धुतो, म्हणून जास्त बोलता येईना.

शेवटी आम्हीच वर्गणी काढून भिंत बांधली, नवे दगड बसवले. तिथं आमच्या किसननं घोळ घातला. कपड्यांवर बिब्ब्यानं ज्याची त्याची खूण घालायचा त्याचा हात, तो थांबतोय कशाला? कुणाचे कपडे कुठं आपटायचे ते कळावं म्हणून त्यानं डांबरानं अर्ध्या दगडांवर लष्कराची खूण घातली, अर्ध्यांवर कचेरीची.

छावणीचा साहेब सहज बघायला आला आणि लालबुंद झाला. "आमच्या जागेत कचेरीची खूण कुणी घातली?" दुसऱ्या दिवशी मामलेदारानं लष्कराची खूण बघून तेच विचारलं. कालपर्यंत नको असलेली जागा एकदम दोघांची झाली. भिंत बेकायदा म्हणून पाडायची नोटीसही दोघांनी धाडली. पण जो पाडेल तो मालक ठरेल, म्हणून एक दुसऱ्याला पहार लावू देत नाही. दोन्हीकडचे पहारेकरी घाटावर बसून पत्ते कुटतात. हौद तुडुंब भरलाय. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

ता. क. हा तंटा मिटवायला वरून जे साहेब नेमलेत, ते म्हणे तुमचे जावई मुकुंदराव. त्यांच्या कानावर घाला, निकाल तेवढा देऊ नका म्हणून. मालक ठरला की भिंत गेलीच. चौकशीला मात्र येत राहा म्हणावं, तुमच्या कपड्यांचं आम्ही बघू.

पुन्हा ता. क. पण मामा, जागा कुणाची ते त्यांना मनातल्या मनात कळलंच, तर हळूच विचारून मला एकट्याला कळवा. झोप लागत नाही हो.